देओलिंदाची जुनी वेळ

देओलिंदाने बावीस वर्षं घड्याळाला हात लावला नव्हता. दर ऑक्टोबरात, तिकडचा उन्हाळा लागताना, सरकार घड्याळं तासभर पुढे करायचं, मार्चमध्ये मागे आणायचं, आणि पाराग्वेतलं ते अख्खं गाव निमूट काटे फिरवायचं. तिचा नवरा इसाबेलिनोसुद्धा. देओलिंदा पहाटे चिपा नावाचे चीज घातलेले छोटे पाव भाजून बसथांब्यावर विकायची. म्हणायची, "माझ्या भट्टीला सरकार कळत नाही." उन्हाळाभर तो बाराला जेवायला बसला, की ही विचारायची, "अकराला कसली रे भूक लागते तुला?"

यंदा सरकारच्या मनात आलं, उन्हाळी वेळच बारा महिने ठेवावी. मत घ्यायला नगरपालिकेने रविवारी नऊला सभा ठेवली. देओलिंदाने आठ दिवस भाषण घोकलं: जूनच्या हिवाळ्यात सकाळच्या अंधारात कुत्रीसुद्धा बाहेर पडत नाहीत, पोरांनी शाळेत कसं जायचं? तिच्यासारख्याच जुनी वेळ पाळणाऱ्या अकरा जणी तिने जमवल्या.

रविवारी इसाबेलिनो लवकर बाहेर पडला. चर्चला गेला असेल, असं तिला वाटलं. ती मात्र नऊच्या ठोक्याला अकरा जणींसह नगरपालिकेच्या दारात हजर झाली. कारकून निदिया खुर्च्या रचत होती.

"सभा झाली, देओलिंदाबाई. ठराव एकमताने मंजूर."

"एकमताने? आम्ही तर आत्ता येतोय."

"म्हणूनच एकमत झालं. घड्याळं रात्रीच पुढे गेली. आता दहा वाजलेत."

मागून एकजण पुटपुटली, "तरीच सुनेने दूध इतक्या लवकर तापवलं."

तेवढ्यात आतून इसाबेलिनो माते नावाच्या गार चहाचा थर्मास काखेत धरून आला.

"तूही हात वर केलास?"

"केला. म्हटलं, वेळ एकदाची ठरली तर आपण एका वेळी जेवू तरी."

देओलिंदाने निदियाला खाली बसवलं, नवऱ्यालाही बसवलं आणि सगळं भाषण म्हणून दाखवलं. अकरा जणींनी टाळ्या वाजवल्या. निदियाने विरोध लिहून घेतला. इसाबेलिनोनेही टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती त्याच्यावर डाफरली.

कायदा व्हायचा तो झालाच. त्या दुपारी देओलिंदा स्टुलावर चढली आणि तिने काटा तासभर पुढे सरकवला.

"अखेर सरकारने माझंच ऐकलं," ती खाली उतरत म्हणाली. "आता घड्याळाला कुणी हात लावायचा नाही."

इसाबेलिनो सूप फुंकत राहिला. हसू आवरायला तेवढं पुरलं.

जूनमध्ये ती काळ्याकुट्ट पहाटे टोपलीवर कंदील टांगून थांब्यावर उभी राहते आणि ठरावाला हात वर करणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारते, "काय, दिसतंय ना?"