तंबूतला आवाज

वर्ध्याजवळच्या आमच्या देवळीत तेव्हा समुद्रापलीकडच्या सगळ्या मुलखाला दुबईच म्हणत. मी होतो मस्कतच्या बाजूला, पण सुटीवर आलो की चौकात कुणीतरी ओरडायचंच, "काय दुबईवाले, कवा आले?" दोन-चारदा मी दुरुस्ती करून पाहिली, मग सोडून दिली. माझा स्वभावच तसा. समोरच्याच्या मनात एखादी गोष्ट बसली की ती उठवायचे कष्ट मी घेत नसे. त्या स्वभावापायी घरात काय झालं ते इथं लिहितो आहे.

गावात मी जिनिंगमध्ये फिटर होतो. कापूस असेल तोवर काम, कापूस संपला की मालकाच्या दारात नुसत्या चकरा. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास एका कंत्राटदाराकडून पाइपलाइनच्या कामावर परदेशी गेलो. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात बायको आणि माझे वडील, दोघंच मागं राहिले.

सुरुवातीचे काही आठवडे आम्हाला तंबूत ठेवलं. दातांत वाळू, पांघरुणात वाळू, दुपारी कापड इतकं तापायचं की हात लावता येत नसे. बरोबरची केरळची मुलं रडकुंडीला आली. मला उन्हाचं फारसं नवल नव्हतं, वर्ध्याचा मे महिना बघून मोठा झालेला माणूस मी. पण तंबूचं मात्र मी घरी रंगवून सांगितलं. पत्रातून नाही. माझं अक्षर मलाच लागत नसे, म्हणून सुटीवर जाणाऱ्या एका नागपूरकराबरोबर मी टेपरेकॉर्डर घरी पाठवला होता. मग आमच्या कॅसेटी ये-जा करू लागल्या. पहिल्या कॅसेटमध्ये मी तंबू, वाळू, ऊन सगळं भरलं. ती ऐकायला म्हणे निम्मी गल्ली आमच्या अंगणात जमली होती.

पुढच्या महिन्यात आम्हाला पत्र्याच्या केबिनीत हलवलं. सहा खाटा, पक्की न्हाणी, आणि खिडकीत एसी. पहिल्या रात्री मी कुडकुडलो आणि दुसरी चादर मागून घेतली. आठवड्याभरात त्या गारव्याची सवय झाली, पंधरवड्यात ती हवीशी झाली. वर्षभर काम, शुक्रवारी सुटी, जेवण आयतं, कुणाच्या दारात उभं राहणं नाही. आयुष्यात प्रथमच मला सलग गाढ झोप लागत होती.

दुसरी कॅसेट मी त्याच केबिनीत भरली. बटण दाबलं आणि तोंडातून निघालं, "तंबूत हाये अजून. चाललंय कसंतरी." नवं खोटं मी काही रचलं नाही, जुनं झालेलं खरंच बोलत राहिलो. कारण एवढंच, की मला इथं बरं वाटतं हे सांगायची लाज वाटत होती. बायकोला मागं टाकून आलेल्या माणसानं हाल सोसलेच पाहिजेत असं मलाच वाटे. सोसत नव्हतो, म्हणून निदान बोलून दाखवत होतो.

तिनं उत्तराच्या कॅसेटमध्ये एकदा विचारलं होतं, "तुमी बोलता त्याच्या मांगं घर्रर् करून काय वाजते जी?" मी पुढच्या खेपेला सांगितलं, जनरेटर.

वर्षभरानं मी कूलरसाठी पैसे पाठवले. वडिलांनी वर्ध्याहून तो आणला, बैलगाडीत उभा करून घरापर्यंत मिरवत नेला, हे सगळं कॅसेटमध्ये ऐकून मला फार बरं वाटलं. माझ्या डोक्यावरचं थोडं ओझं त्या गाडीतून उतरलं असं वाटलं.

दोन वर्षांनी पहिल्या सुटीवर आलो तो ऐन मे महिन्यात. घरात पाय ठेवला तर कूलर खिडकीशी होता खरा, पण त्याच्यावर बायकोचं जुनं लुगडं पांघरलेलं, वर कुरड्यांचा डबा. आतल्या वाळ्याच्या ताट्या कोऱ्या करकरीत. पाण्याचा थेंब लागलेला नव्हता.

"काऊन, बिघडला का?"

"बिघडन कायले?" ती म्हणाली. "तुमी तिकडं तंबूत भाजून राह्यले अन् आमी इथं गार हवेत लोळाव? मले नाई पटत."

वडील बाजेवरून हसले. "म्या म्हटलं तिले, बाई, निदान कुरड्या तरी गार होऊ दे. आयकत नाई."

ती दोन उन्हाळे ओसरीवर झोपली होती, अंगावर ओलं पातळ टाकून. पाठभर घामोळं. मी ते पाहिलं आणि हातपाय धुवायच्या निमित्तानं विहिरीकडं गेलो.

सांगायच्या गोष्टी आता दोन झाल्या होत्या. तंबू कधीच गेला ही एक. दुसरी अधिक कठीण. निघण्याआधी फोरमननं विचारलं होतं, परत येणार ना? मी तिथल्या तिथं हो म्हणालो होतो. घरी मात्र सगळे धरून चालले होते की मी कायमचा आलो. शेजारची काकी रोज विचारायची, "आता इथंच ना बापू?" आणि बायको माझ्या आधीच सांगायची, "नाई तं कुठं?"

मी घरात टिकतच नव्हतो. पहाटे कामावर नेणाऱ्या कॅम्पच्या बसच्या वेळेला जाग यायची, मग उगाच एसटी स्टँडवर जाऊन वर्ध्याच्या गाड्या पाहत उभा राहायचो. जेवताना पाट सरकवायचो. दुपारी दार लावून पडलं की ती शांतता कानात टोचायची. आज सांगू, जेवण झाल्यावर सांगू, वडील बाहेर गेले की सांगू. वडील बाहेर जायचे आणि मीही त्यांच्या मागोमाग निघायचो.

एका दुपारी वडील वर्ध्याहून आले ते लटपटतच. डोक्याला दुपट्टा नाही, अंग तव्यासारखं. ऊन लागलं होतं. काकीनं कांदा किसून तळपायांना चोळला, मी पन्हं पाजलं. बायकोनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, कुरड्यांचा डबा खाली ठेवला, लुगडं ओढून काढलं आणि बादलीनं कूलरच्या टाकीत पाणी ओतायला लागली. मी वायर लावली, बटण दाबलं. ताट्या भिजल्या, खोलीभर वाळ्याचा वास झाला.

बऱ्याच वेळानं वडिलांनी डोळे उघडले. "आता मले माहेरी आल्यावानी वाटून राह्यलं," ते म्हणाले. काकी हसली, पन्ह्याचं भांडं घेऊन घरी गेली.

बायको हसली नाही. रिकामी बादली हातात धरून ती कूलरकडं कान देऊन उभी होती.

"हाच," ती म्हणाली.

"काय?"

"कॅसेटमंदी तुमच्या मांगं असंच वाजते. म्या त्या कॅसेटी पाठ केल्या हायेत. जनरेटर होय म्हणे ना ते?"

"नाई. एसी."

"तंबूत?"

"तंबू नाई. दुसऱ्या महिन्यातच गेला तो."

तिनं बादली खाली ठेवली, आवाज न करता. "काकी म्हणे, लाव ना व पोरी तो कूलर, सडवतं काय? अन् मी सांगो, माया मानूस तंबूत हाये." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "झोप येते तिथं?"

"येते."

"मंग परत जासाल तुमी."

"हाव. होकार देऊन आलो."

"म्हणजे आता मले विचारून नाई राह्यले. सांगून राह्यले."

वडिलांनी डोळे मिटून घेतले होते. ते जागे होते हे मला माहीत होतं, तिलाही. ती खाली चटई टाकून कूलरसमोर आडवी झाली, पाठ माझ्याकडं करून, आणि थोड्याच वेळात तिला झोप लागली. संध्याकाळी दिवे लागले तरी उठली नाही. मी तिची पाठ पाहत बसलो होतो.

त्यानंतर ती भांडली नाही. भांडली असती तर मी राहिलो असतो का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खरं उत्तर मला आवडत नाही. जायच्या दिवशी स्टँडवर, गाडी सुरू झाल्यावर, ती खिडकीशी येऊन म्हणाली, "कॅसेट पाठोजा. पण ते बंद करून बोलजा."

परत गेल्यावर एका शुक्रवारी दुपारी मी केबिनीतला एसी बंद केला. खाटेवरचा मल्याळी ओरडला, "अरे भाई, मारेगा क्या?" त्याला चहाचं आमिष दाखवून बाहेर काढलं आणि टेपचं बटण दाबलं. घाम डोळ्यांत उतरत होता, कॅसेट फिरत होती आणि मला बोलायला काही सुचत नव्हतं. हाल सांगायचे नसले तर बायकोशी काय बोलायचं, हे मी दोन वर्षांत शिकलोच नव्हतो. शेवटी म्हणालो, "मी इथं बरा हाये." आणखी थोडं काही बोललो, ते आठवत नाही. तशीच पाठवून दिली.

तिची कॅसेट यायला बराच उशीर लागला. आली तेव्हा गावाकडं श्रावण सुरू होता. श्रावणात आमच्याकडं कूलर कुणी लावत नाही, हवेतच पाणी असतं. पण कॅसेट लावली आणि आधी कूलरच ऐकू आला, अगदी जवळून, जोरात. त्याच्यामागं कुठंतरी ती बोलत होती. वडिलांविषयी काहीतरी आहे एवढं कळलं, "पाऊस" एवढं कळलं, एकदा ती हसल्यासारखं वाटलं. बाकी काही लागलं नाही. मी आवाज वाढवला तर कूलरही वाढला.

मी ती कॅसेट पट्टी गुंतेपर्यंत ऐकली. त्यानंतरही दोन करार केले, मग काम संपलं म्हणून घरी आलो. तिच्यासाठी आलो नाही. आता आम्ही दोघं एकाच घरात म्हातारपणाकडं चाललो आहोत, ती आत दाणे निवडते आहे, मी इथं लिहितो आहे. त्या कॅसेटमध्ये ती काय म्हणाली होती, ते मी अजून तिला विचारलेलं नाही.