समितीवरचा आमचा माणूस

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतच तो राहायचा. गिरणीतही आम्ही एकाच खात्यात होतो. सुरक्षा समितीवर आम्हीच त्याला निवडून दिलं होतं. पट्ट्यावरची संरक्षक जाळी निघालेली दिसली, की तो यंत्र बंद करायचा. "आधी जाळी, मग सूत," एवढंच हळू आवाजात म्हणायचा.

संपानंतर साहेबांसमोर हात वर करून नवी निवड झाली. यंत्र थांबवणारा माणूस त्यांना नको होता. त्याचं नाव आलं तेव्हा नोकरी जाईल म्हणून मी हात खालीच ठेवला.

तो निवडणुकीत पडला. पुढे जाळी नसलेल्या पट्ट्यात माझी दोन बोटं गेली. इस्पितळात तोच रोज यायचा, मोसंबं सोलून भरवायचा.

एकदा म्हणाला, "चुकलं रे माझं. समितीत नसलो तरी यंत्र बंद करायला हवं होतं."

मला त्याच्याकडे बघवलं नाही.