सुनंदाची सही

टाके काढून झाले होते. सुनंदा टेबलावरून उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, "बाई, आता पाळी कधी यायची?"

मी हातातली कात्री ट्रेमध्ये ठेवली. आठ दिवसांपूर्वी मी तिचं गर्भाशय काढलं होतं. गावाकडं त्याला पिशवी म्हणतात. ते काढलं की पाळी येत नाही आणि मूलही होत नाही. हे तिला ठाऊकच नव्हतं.

"आधी जखम भरू दे," मी म्हणाले. धडधडीत टाळाटाळ. त्याची लाज मला अजून वाटते.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या एका नर्सिंग होममध्ये मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नोकरीला होते. सुनंदा कळंबची, तिशीच्या आतली, पदरी एक मुलगा. घरची वांग्या-टोमॅटोची बागायत. अंगावरून फार जायचं म्हणून सासरे तिला घेऊन आले. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. तपासणीत फायब्रॉइड निघाले. म्हणजे गर्भाशयात वाढणाऱ्या मांसाच्या गाठी. कॅन्सर नव्हे.

मी आबांना केबिनमध्ये बसवून सगळं समजावलं. रस्ते दोन. नुसत्या गाठी काढायच्या आणि पिशवी ठेवायची. त्यात रक्त जास्त जातं, गाठी परत होऊ शकतात. नाहीतर पिशवीच काढायची.

"खात्रीचं कुठलं?" आबांनी विचारलं.

"पिशवी काढणं."

"मग काढा. नातू हाय एक. बास झालं."

सुनंदा तेव्हा बाहेर बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी एवढंच सांगितलं, "गाठी आहेत, ऑपरेशन करावं लागेल." तिनं मान डोलावली. ऑपरेशनच्या दिवशी नवरा येऊन फॉर्मवर सही करून गेला. आमच्याकडं रीतच तशी होती. घरातल्या मोठ्या माणसाशी बोललं की डॉक्टर मोकळा. आबा साधे, सुनेची काळजी करणारे गृहस्थ होते. त्यांना दोष देऊन माझं ओझं हलकं होत नाही. त्या दिवशी टाके काढल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, "सांगतो मी घरी गेल्यावर सवडीनं." मी त्यावरही विसंबले.

दीड महिन्यानं सुनंदा एकटीच एसटीनं आली.

"जाऊबाई म्हनली, पिशवीच काढली. खरं हाय का?"

"हो."

ती खुर्ची ओढून बसली. मी घाबरले आणि एक मूर्खपणा केला. फाइलमधून कन्सेंट फॉर्म काढून तिच्यापुढं ठेवला. कन्सेंट म्हणजे ऑपरेशनला पेशंटनं दिलेली संमती. "हे बघ, तुझ्या नवऱ्याची सही आहे," मी म्हणाले.

तिनं कागद उचलला. सातवी शिकलेली बाई ती, बोट फिरवत वाचू लागली. "'ऑपरेशनबद्दल मला समजेल अशा भाषेत सांगितलं आहे.' मला म्हंजी कुणाला, बाई?"

 मी "चुकलं माझं" म्हणाले, तेही उशिरा आणि अर्धवट आवाजात.

"मला एक मुलगी पायजे हुती," ती म्हणाली. "गाठी परत आल्या असत्या, तर परत कापून घेतलं असतं."

फॉर्मवर पेशंटच्या सहीची रेघ कोरी होती. तिनं माझ्या टेबलावरचं पेन घेतलं आणि त्या रेघेच्या वर लिहिलं, "मला कुणी विचारलं न्हाय." खाली नाव लिहिलं, पूर्ण, सासरच्या आडनावासकट. कागद फाइलमध्ये नीट लावला आणि निघून गेली.

संध्याकाळी तो फॉर्म मी सरांना दाखवला. सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. डॉक्टरांना ग्राहक कोर्टात खेचता येतं, ही धास्ती तेव्हा नवी होती.

"फाडा हा. नवऱ्याला बोलवून दुसरा करू," ते म्हणाले.

"नाही फाडणार, सर."

"बाई, नोकरी करायचीय ना?"

फॉर्म फाइलमध्येच राहिला. सर महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. सुनंदानं तक्रार केली नाही. ती परत आलीच नाही. तक्रार झाली असती तर निदान कुणीतरी मला जाब विचारला असता.

तेव्हापासून नातेवाइकांना बाहेर बसवून मी आधी पेशंटशी बोलते. ओपीडी तुंबते, लोक कुरकुरतात. "तुला काय पाहिजे?" असं विचारलं की बहुतेक जणी आधी दाराकडं बघतात. मग मी थांबते. बोलायला पाच-सात मिनिटं लागतात, जास्त नाही. सुनंदाच्या वेळी तेवढा वेळ नव्हता, असं म्हणायची मला सोय नाही. ती बाहेर बाकावर बसली होती, तेव्हा आत आबांबरोबर मी चहा घेतला होता.