रुमालाखालचा हात

कापसाच्या बाजारात दिवसभर बसलं की कपड्यांना तूस चिकटतं. घरी येऊन कितीही झटका, कुठे ना कुठे राहतंच. आमच्या चंपालालजींचे किस्से तसेच. चार जुने दलाल भेटले की चहा येण्याआधीच कुणीतरी सुरू करतो, "अरे, त्या दिवशी..." आणि हसता हसता सगळे आपापल्या हातांकडे बघू लागतात!

चंपालालजी कापसाचे दलाल, जालन्यात मस्तगडला राहायचे. आजोबा मारवाडातून आलेले, पण हे बोलायचे आमच्यासारखंच. तिथल्या बाजारात तेव्हा कापसाचा भाव तोंडाने ठरत नसे. दलाल आणि व्यापारी समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचे. बघणाऱ्याला काही कळत नसे. या कामात चंपालालजींच्या जवळपास फिरकणारा कुणी नव्हता.

निजामाचं राज्य जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. एका सकाळी त्यांनी रुमालाखाली बोटं दाबली आणि समोरचा व्यापारी उडालाच. "शेटजी, कापूस विकून राह्यले का सोनं?" चंपालालजींच्या मनात होता एक भाव, आणि बोटांनी दाबला होता भलताच!

त्यांनी रुमाल काढला आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "माधवराव, ही बोटं माझीच हायेत ना? परक्याची वाटून राह्यलीत."

आम्ही हसलो. काही दिवसांनी बोटं ठीक झाली, तेव्हा तेही हसले.

*

मग पाठीतली बिजली. मान खाली घातली की त्यांच्या पाठीतून करंट जायचा, थेट टाचेपर्यंत. मंदिरात नमस्काराला वाकले की दचकायचे. "देव चिमटा काढतो," म्हणायचे.

आमचा मापाडी कासम एवढा घाबरला, की पावसाळ्यात ओल्या पायांनी त्यांच्या गादीवर चढेना. "मेरे को करंट लगा तो?"

*

हैदराबादच्या डॉक्टरने आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. आज त्याला एम.एस. म्हणतात. मेंदूने पाठवलेला निरोप वाटेतच अडतो, एवढं आम्हाला समजलं. औषध नाही. येईल, जाईल, परत येईल.

त्यांच्या बायकोने, केसरबाईंनी, रडून डोळे सुजवून घेतले. चंपालालजी त्यांना म्हणाले, "पाहुणा हाय समज. येतो, राहतो, जातो."

आम्हाला मात्र हळूच म्हणाले, "दर खेपेला जाताना घरातलं काहीतरी उचलून नेतो. हे तिला नका सांगू."

*

एकदा पाहुणा डोळ्यांत येऊन बसला. त्यांना एकाचे दोन दिसायला लागले. तेवढ्यात वाटूरचा एक शेतकरी गाडी घेऊन आला. चंपालालजी म्हणाले, "या, बसा. आणि तुमच्या भावाला उभं का ठेवलं? त्यालाबी बसवा."

शेतकऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचा जुळा भाऊ आदल्याच महिन्यात गेला होता!

पुढच्या बाजाराला तो पुन्हा आला. माल काहीच नव्हता. पागोटं हातात घेऊन म्हणाला, "शेटजी, जरा बघता का? आज आलाय का त्यो?"

तोवर चंपालालजींचे डोळे साफ बरे झाले होते. त्यांनी त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

"आलाय," ते म्हणाले. "मजेत हाय."

*

उन्हाळा त्यांचा वैरी. ऊन चढलं की पायांची लाकडं व्हायची. जिनिंग कारखान्याच्या गार पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसवलं की तेच पाय टणाटण चालू लागायचे! गाव म्हणालं, भानामती.

नातेवाइकांनी मांत्रिक आणला. त्याने भर वैशाखात पेटत्या धुनीसमोर बसवलं. पाय गेले, जीभ जड झाली, डोळे फिरले. मांत्रिक ओरडला, "आलं! अंगात आलं!" केसरबाईंनी न राहवून घागरभर गार पाणी डोक्यावर ओतलं. थोड्या वेळाने चंपालालजी उठून बसले.

"गेलं!" मांत्रिकाने दक्षिणा मागितली.

"पैसे हिला द्या," चंपालालजी बायकोकडे बोट दाखवून म्हणाले. "भूत हिनं काढलं."

*

पुढे पाय कायमचे गेले. उजव्या हाताचं तर असं झालं, की डोळ्यांना दिसेल तोवरच तो त्यांचा. नजरेआड झाला की कुठे आहे हे त्यांनाच कळेना. आणि आमचा सगळा धंदा रुमालाखाली! बाजारात कुजबुज सुरू झाली. तेव्हा तेच म्हणाले, "अजून एक सौदा चुकला तर मी गादी सोडतो. मंग घरी भिंतीकडं बघत बसायचं."

हिवाळ्यातली गोष्ट. घनसावंगीचा माल आला होता. घ्यायला बाहेरगावचा बडा व्यापारी. कितीला द्यायचा, ते चंपालालजींनी आधी माझ्या कानात सांगितलं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो. अंगावर शाल, डावा हात काठीवर, मांडीवर रुमाल. व्यापाऱ्याने रुमालाखाली हात घातला. चंपालालजींनी मन एकवटायला डोळे मिटले.

माझी नजर सहज खाली गेली. त्यांचा उजवा हात शालीतून मागे घसरला होता आणि माझ्या धोतराला लागून लोंबत होता.

मी डाव्याकडे पाहिलं, तो काठीवरच होता.

"जरा कमी करा," व्यापारी म्हणाला. रुमाल हलला. "अजून थोडं." रुमाल पुन्हा हलला. "बस, जमलं!" मी वाकलो, तसा त्याने माझ्या कानात भाव सांगितला. चंपालालजींनी कानात सांगितला होता, तोच!

"भाव बराबर हाय, शेटजी," तो उठता उठता म्हणाला. "पण हात फार गार हाय तुमचा." आणि बोटांवर फुंकर मारत काट्याकडे गेला.

चंपालालजींनी डोळे उघडले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा फुलला होता! "पाह्यलं, माधवराव? हात अजून बराबर बोलून राह्यला."

"बिलकुल," मी म्हणालो. आणि मागे लोंबणारा त्यांचा हात उचलून हळूच रुमालाखाली ठेवला.