दारावरचं पोळं

माझ्या पीएचडीचा विषय ऐकून बारामतीत लोक आधी हसतात. मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचा, एकोणिसाव्या शतकातला वास्तुविशारद. "मग त्याचा आपल्याशी काय संबंध, मॅडम?" संबंध असा, की उमेदवारीच्या काळात तो आमच्या इंदापूर भागात सरकारी बांधकामांवर होता, असं त्याची रोजनिशी सांगते. इथल्या एका बंगल्याच्या दारावर मधमाश्यांचं पोळं कोरल्याचंही तो लिहितो. पोळं ही त्या पंथाची खूण.

सात वर्षं शोधला मेला तो बंगला! शेवटी सापडला उसाच्या रानात, आत कडबा भरलेला. दारावरच्या दगडावर धूळ, जळमटं आणि त्यांच्याखाली पोळं. मला रडूच फुटलं. मोबाइलवरचा फोटो काळाकुट्ट आला, तरी मी निर्धास्त. दगड काय पळून जातोय?

मुदतवाढ संपत आली होती. मार्गदर्शक सर म्हणाले, खूण स्वतः बघितल्याशिवाय सही करणार नाही. मी रानाच्या मालकांना, आबांना, फोन केला. "रविवारी पुण्याचे सर येतायत. दारावरचा दगड तेवढा साफ करून ठेवा."

रविवारी सरांना घेऊन पोचले. आबा इस्त्रीचा सदरा घालून उभे, दारापुढं सडा. आणि वर बघते तर, आई गं! दगड गुळगुळीत. त्यावर लाल ऑइलपेंटनं 'सुस्वागतम्'.

"ग्राइंडर मारला," आबा म्हणाले. "लई खडबडीत हुतं. मोठी मानसं येनार, तसंच ठिवायचं व्हय? सोता चढलो शिडीवर."

वाटलं, म्हाताऱ्याला धरून गदागदा हलवावं. पण कुठल्या तोंडानं? पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडं 'साफ करणं' म्हणजे काय असतं, हे काटेवाडीत वाढलेल्या मला कळू नये?

परतताना गाडीत सर म्हणाले, "यावर मी सही कशी करू?" नाहीच केली. सगळी वर्षं मातीत गेली.

महिन्याभरानं आबांचा फोन आला. "झाला न्हवं तुमी डॉक्टर? सगळ्या वस्तीला सांगितलंय मी, आमच्या दगडामुळं झाल्या म्हनून. पेढे घिऊन कवा येताय?"

"व्हय आबा, झाले," मी म्हणाले. "येते रविवारी."