नानांचा गोड रिप्लाय

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात गिऱ्हाईक मशीन सोडून जातं, आन् सोबत एखादा किस्सा बी सोडून जातं. मशीन दुरुस्त होऊन परत जातं, किस्सा मातर इथंच राहतो. तीर्थपुरीत माझं दुकान इतकी वर्षं चालून राह्यलंय, की आता मशीनपेक्षा किश्श्यांनाच जागा जास्त लागते. त्यातले निम्मे एकट्या नानांचे!

नाना म्हंजी आमच्या गावचे कादंबरीकार. शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले, पण कॉम्प्युटर आन् वाचकांशी भांडण, ह्या दोन गोष्टींतून कधी रिटायर झाले न्हाईत. मी त्यांचा विद्यार्थी, सलीम. शाळेत ते माझा कान धरायचे. आता त्यांचं मशीन बंद पडलं, की मी म्हणतो, "नाना, काय काय दाबलं ते खरं सांगा!" आन् नाना खाली मान घालतात.

*

आसपास कुणाकडं कॉम्प्युटर नव्हता, तवा नानांनी तो जालन्याहून आणला. एमआयडीसीतून सळया घेऊन निघालेल्या टेम्पोत जागा मिळाली. नाना मागं सळयांवर गोधडी टाकून बसले, मॉनिटर मांडीवर. वर ऊन रणरणतं.

ड्रायव्हर म्हणला, "गुरुजी, पुढं केबिनमधी या की. ते काय पळून चाललंय का?"

नाना म्हणले, "नवीन हाय बाबा. पहिल्यांदाच गावाला येऊन राह्यलंय. एकटं कसं सोडू?"

*

खंडेनवमीला गावात ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. कुणाचे विळे-कोयते, कुणाचं शिलाई मशीन. नानांच्या घरी कॉम्प्युटर!

माईंनी, म्हंजी नानांच्या बायकोनं, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आन् नैवेद्याचं ताट पुढं सरकवलं. ताटाचा धक्का नेमका बटणाला लागला आन् सीडीचा ट्रे सुर्रकन बाहेर आला. माई जरा बी घाबरल्या न्हाईत. त्यांनी पुरणपोळीचा तुकडा मोडून ट्रेवर ठिवला, बोटानं हळूच ढकललं. ट्रे आत!

दुसऱ्या दिवशी मशीनमधी मुंग्यांची रांग. मी खाली बसून स्क्रूड्रायव्हरनं पुरण कोरून काढून राह्यलो होतो, आन् माई दारात उभ्या.

"माझ्यावर चिडू नको सलीम. तोंड त्यानंच उघडलं!"

*

नानांना सेव्ह करायची सवय न्हाई. मी सांगून सांगून थकलो. एका कादंबरीत नायिकेचं लग्न होतं. नानांनी मांडव टाकला, वऱ्हाड आणलं, अंतरपाट धरला, तेवढ्यात लाईट गेली. सगळं पान गेलं! परत लिव्हलं, परत अंतरपाट धरला, परत लाईट गेली. नाना इतके वैतागले, की पुढच्या खेपेला त्यांनी नायिकेला भर मांडवातून उठवलं आन् "मला हे लग्न करायचं न्हाई" म्हणायला लावलं. लगेच सेव्ह!

पुस्तक आल्यावर एका प्राध्यापक बाईंचं लांबलचक पत्र आलं. स्त्रीच्या बंडाचा असा धीट क्षण मराठीत कमी आलाय म्हणे.

नानांनी एका ओळीत उत्तर धाडलं. "आभार. क्षण लाईटवाल्यांचा हाय, मी फक्त टाइप केला."

*

वाचकांच्या बाबतीत नानांचा कायदा कडक. फोन बिलकुल घ्यायचा न्हाई. "जे हाय ते लेखी द्या!" आन् आलेल्या दर पत्राला, मेलला स्वतः उत्तर. उत्तर म्हंजी काय, भांडणच!

एकानं लिव्हलं, तुमची कादंबरी वाचता वाचता झोप लागते. नानांनी कळवलं, "गोळीचा खर्चा वाचला तुमचा. आभार मानायचे सोडून तक्रार काय करता?"

पण सगळ्यात जबरदस्त जोडी काशीबाईंची आन् नानांची. काशीबाई घनसावंगीकडच्या एका वस्तीवर राहतात, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं-शेळ्या. त्या बोलतात आन् सून मोबाईलवर मेल करती. नानांच्या एका कादंबरीत शेळी मेली, तर ह्यांचा मेल आला, "शेळी का मारली?"

नानांनी कळवलं, "कादंबरी माझी, शेळी माझी. ठिवीन न्हाईतर मारीन."

काशीबाईंचं उत्तर लगेच. "शेळी तुमची म्हणूनच मेली. माझी असती तर जगली असती. तुमाला राखता येत न्हाई!"

नाना हा मेल घेऊन दुकानात आल्ते. हसून हसून डोळ्यांत पाणी. म्हणले, "सलीम, ही बाई माझी खरी परीक्षक!"

*

मंग मागल्या वर्षी नानांची नवी कादंबरी आली, आन् काहीच झालं न्हाई. पत्रं न्हाईत, मेल न्हाईत. नाना रोज दुकानात यायचे. "माझं मेल बिघडलंय का रे? जरा बघ."

मी बघायचो. मेल बराबर चालू. पण ते सांगायला जीभ रेटायची न्हाई. म्हणायचो, "नेट स्लो हाय, नाना."

एक दिवस म्हणले, "मास्तराला फसवू नको. वाचक संपले माझे. आता हे लिव्हायचं कुणासाठी? येऊन मशीन घेऊन जा तुझ्याकडं."

मला लई वाईट वाटलं, खरं सांगतो. रोज वेगळं कारण काढून मी मशीन न्यायचं टाळलं. मशीन गेलं की नाना उठायचेच न्हाईत, हे मला ठावं होतं.

त्यातच नानांना एआय घावला. नवीन काही दिसलं की नानांचा हात शिवशिवतोच. मला म्हणले, "एखादा मेल आलाच, तर हे उत्तर देईल असं काहीतरी कर. माझ्यात भांडायची ताकद न्हाई राह्यली." मी तसं करून दिलं.

पुढच्याच आठवड्यात काशीबाईंचा मेल आला. "नाना, शेवट पार बिघडवला तुमी." आन् मशीननं परस्पर उत्तर धाडलं. "आदरणीय काशीबाई, आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. आपले म्हणणे अगदी योग्य आहे."

रविवारी दुपारी मी नानांकडं कीबोर्ड साफ करून राह्यलो होतो. दारात जीप थांबली, गच्च भरलेली. माणसं टोप्या काढून खाली उतरली, बायांनी तोंडाला पदर लावलेला. पुढं एक म्हातारी, डोक्यावर फडक्यानं झाकलेली टोपली. उंबऱ्यातच तिनं हंबरडा फोडला, "माई गंऽऽ! कसं झालं गं हे!"

नाना बनियनवर आतून बाहेर आले. "कोण गेलं हो?"

म्हातारी त्यांच्याकडं बघतच राह्यली. म्हणली, "तुमी!"

त्याच काशीबाई! पहिल्यांदाच समोरासमोर. त्यांनी टोपली खाली ठिवली. आत पिठलं-भाकरी. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत न्हाई, म्हणून लोक घेऊन जातात, ती.

"अहो बाई, कुणी सांगितलं तुमाला?" माई ओरडल्या.

"सांगायला कशाला पाह्यजे? मी म्हणलं शेवट बिघडला, आन् उत्तर आलं तुमचं म्हणणं योग्य हाय! नाना जित्तेपणी असं म्हणतील का? मी सुनंला म्हणलं, नाना गेले, आन् घरचे कुणीतरी लिव्हून राह्यलेत. फोन लावला तर कुणी उचलंना. मंग वस्तीच निघाली."

नानांनी दारातल्या माणसांवरून नजर फिरवली. "आन् हे सगळे कोण?"

"कोण म्हंजी? तुमचं ऐकणारे! पुस्तक एकच हाय आमच्यात. रोज संध्याकाळी सून चार पानं वाचती, समदे ऐकतात. मंग भांडणं होतात, आन् जे ठरतं त्याचा मेल माझ्या नावानं. अजून एक जीप मागून येऊन राह्यली."

नानांनी चष्मा काढला. बनियननं पुसला, घातला, परत काढला. माई त्यांच्या पाठीवर हात ठिवून उभ्या राह्यल्या.

मंग एकदम नानांचा वर्गातला आवाज फुटला. "शेवट बिघडला? काशीबाई, तुमाला शेवट कळलाच न्हाई!"

"हां!" काशीबाई पदरानं डोळे पुसत म्हणल्या. "हे नाना!"

"सलीम, ते गोड बोलणारं आधी बंद कर. ह्यांच्याकडं माझं मी बघतो." असं म्हणून नानांनी बाहेरच्यांना आत बोलावलं, खाली मांडी घातली आन् टोपली आपल्याकडं ओढली.

"बसा समदे. पिठलं गार होऊन राह्यलंय."