बहीजाखालाने नाव लपवलं नाही

बहीजाखाला आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. अम्मानच्या हाश्मी भागात त्या वर्षी आम्हा इराक्यांचीच वस्ती जास्त होती. बगदादच्या इस्पितळात तिने सव्वीस वर्षं बाळंतपणं केलेली. नवऱ्याला घराच्या दारातच गोळ्या घातल्या, तेव्हा एक पिशवी घेऊन ती इकडे आली. निर्वासितांच्या कचेरीने तिला एक कागद दिला होता. त्यावर राहता यायचं, काम करता यायचं नाही. काम करताना सापडलं की थेट सरहद्दीपार.

म्हणून बायका बाळंतपणाला बोलवायला आल्या की ती आधी नाहीच म्हणायची. पण त्यांच्याकडे तर तोही कागद नसायचा. इस्पितळाचं नाव काढलं तरी त्या घाबरायच्या. मग खाला पुटपुटत चपला घालायची. "पोरं काय व्हिसा बघून जन्माला येतात?"

माझ्या धाकट्या बहिणीचे, इन्तिसारचे, दिवस भरले. बुधवारी दुपारी मुलगी झाली, चांगली रडलीही. पण पोटातली वार पडेना आणि रक्त थांबेना. खालाने इंजेक्शन दिलं, पोट चोळलं. पाव तासाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "टॅक्सी आण."

इन्तिसारच्या व्हिसाची मुदत संपून आठ महिने झाले होते. ती भीती होतीच, पण खालाची काळजी जास्त वाटली. मी म्हटलं, तू घरीच थांब, ही आपोआप बाळंत झाली असं मी सांगते.

"आणि डॉक्टरने विचारलं, इंजेक्शन कसलं दिलं, कधी दिलं, तर?"

"खाला, तुला धरतील गं."

"धरू देत. आधी तू हिचे पाय धर."

टॅक्सीत तिने इन्तिसारच्या पोटावरची मूठ क्षणभरही उचलली नाही. इस्पितळात डॉक्टरला सगळं क्रमाने सांगितलं, स्वतःच्या नावासकट. गर्भाशय काढावं लागलं, पण इन्तिसार वाचली. खाला बाहेर बाकावर बसून होती. संध्याकाळच्या आत दोन पोलीस आले. मी विनवलं, निदान तिला हात धुऊ द्या. तेवढं त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निर्वासितांची कचेरी गाठली. तिथल्या वकीलबाई इथल्याच, जॉर्डनच्या. त्या लगेच उठल्या, दोन ठाण्यांत जाऊन आल्या. उत्तर मिळालं, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर बघू. रविवारी त्या अर्ज घेऊन गेल्या, तर खालाला शनिवारीच सरहद्दीवर सोडून आले होते. ते सांगायला त्या स्वतः आमच्या घरी आल्या. चहाला हात लावला नाही. "मला उशीर झाला," एवढंच म्हणाल्या.

बगदादहून खालाचे तीन फोन आले. तिच्या घरात दुसरेच लोक राहत होते, ती चुलतबहिणीकडे उतरली होती. इन्तिसारला दूध येतं का, ताप नाही ना, हेच विचारत राहायची. तिसऱ्या फोननंतर नंबर लागेनासा झाला.

वकीलबाईंनी तिची फाइल अजून बंद केलेली नाही. दर महिन्याला त्या विचारतात. मी त्यांच्यासमोरच नंबर लावते, तो लागत नाही, आणि त्या फाइलमध्ये त्या दिवसाची तारीख लिहून ठेवतात.